सेनापतीने लिंपलेली भिंत

पूर्वी शोणवती नगरीत चंडकेतू राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व एका अमात्यकुळात जन्माला आले आणि वडिलांच्या मागे त्याच राजाचे अमात्य झाले. चंडकेतू पराक्रमी होता, पण कोणावर विश्वास ठेवणे त्याला जमत नसे. जेवणाआधी तो आचाऱ्याला चव घ्यायला लावी, आचाऱ्यावर नजर ठेवायला एक सेवक नेमी आणि त्या सेवकाशीही जपून बोले. माणूस धनासाठी हलतो, सत्तेसाठी हलतो, नाहीतर कीर्तीसाठी हलतो, असे त्याचे मत होते. कोणी याहून निराळे कारण सांगितले, तर तो काहीतरी लपवतो आहे असे राजा धरून चाले.

वज्रबाहू हा त्याचा सेनापती. सीमेवरची लढाई जिंकून तो परतला, तेव्हा राजाने त्याला गावे इनाम दिली, पांढरे छत्र दिले. चारण त्याची गाणी गाऊ लागले. पण थोड्याच दिवसांत खबर आली की सेनापती शिकारीचे निमित्त करून एकटाच नदीपलीकडे जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो. नदीपलीकडे सीमा होती. राजाने बोधिसत्त्वांना बोलावून सांगितले की हा शत्रूला मिळालेला असणार. पुरावा आणलात तर त्याचे पद आणि गावे तुमची.

बोधिसत्त्वांना बक्षिसाचा मोह पडला नाही, पण संशय मात्र त्यांच्याही मनात शिरला. वाटसरूच्या वेषात ते नदीपार गेले. तिथे लढाईत जळालेले एक कुंभारांचे गाव होते. सेनापती धोतर खोचून गुडघाभर चिखल तुडवत होता आणि एका घराची भिंत लिंपत होता. या भिंतींत शस्त्रे तर दडवली नसतील, असे बोधिसत्त्वांना वाटले. पाणी मागण्याच्या निमित्ताने ते एका नव्या घरात शिरले आणि त्यांनी कोपरे न्याहाळले. आत मडकी होती आणि एक शेळी.

घराची मालकीण पिंगला नावाची म्हातारी कुंभारीण होती. तो माणूस नाव सांगत नाही, आमच्या हातचे खातही नाही, असे ती म्हणाली. आधी तिला तो लपून राहणारा चोर वाटला होता. अजूनही तिची खात्री नव्हती, पण त्याने बांधलेल्या भिंती उभ्या राहत होत्या.

संध्याकाळी नदीकाठी बोधिसत्त्वांनी सेनापतीला गाठले. तो दचकला नाही.

"अमात्य, हे गाव मीच जाळले," तो म्हणाला. "इथे शत्रू दडले आहेत, जाळा, अशी महाराजांची आज्ञा होती. आत फक्त कुंभार आहेत हे मला आग लावण्याआधीच कळले होते. तरी मी थांबलो नाही. मला विजय हवा होता. आता छत्राखाली उभा राहिलो की धुराचा वास येतो."

"आणि इथे येत नाही?"

"इथेही येतो. पण इथे तो यायलाच हवा असे वाटते."

हे राजाला सांगू का, असे बोधिसत्त्वांनी विचारले. सांगा, माझे धैर्य होत नाही, असे सेनापती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वांनी भर दरबारात सगळे सांगितले, आज्ञा कोणाची होती तेही. राजाने विचारले, "हे सांगून तुम्हाला काय मिळणार?"

"कदाचित शिक्षा, महाराज. खोटे बोललो असतो तर गावे मिळाली असती."

हे दोघे एकमेकांना मिळालेले आहेत, असा राजाचा ग्रह झाला. त्याने सेनापतीला बोलावून घेतले. नदीपार जाणे सोडलेस तर उपराजपद देतो, गेलास तर सगळे काढून घेतो, असे त्याला बजावले. वज्रबाहूने तलवार उतरवून ठेवली, नमस्कार केला आणि नदीची वाट धरली.

आता हा नक्की शत्रूकडे जाणार, असे राजाला वाटले. व्यापाऱ्याचा वेष घेऊन, बोधिसत्त्वांना बरोबर घेऊन तो मागोमाग निघाला. वज्रबाहू सीमेकडे वळलाच नाही. तो कुंभारांच्या गावात गेला, त्याने सगळ्यांना जमवले आणि आपले नाव व आपले कर्म सांगितले. एकाने कुदळ उचलली. पिंगलेने त्याला हाताने अडवले.

"माझा मुलगा भट्टीपाशी होता," ती म्हणाली. "तुला क्षमा करणे मला जमायचे नाही. पण पावसाच्या आत भिंत पुरी व्हायला हवी. चिखल वाळतो आहे."

वज्रबाहू वाकला आणि चिखलात उतरला.

परतताना राजाने विचारले, "त्या बाईने त्याला काहीच दिले नाही, क्षमासुद्धा नाही. मग तो कशासाठी वाकला?"

"महाराज, मीही त्या घरात शस्त्रे शोधली होती," एवढेच बोधिसत्त्व म्हणाले.

राजाचा संशयी स्वभाव काही गेला नाही. पण पुढे सीमेवर पुन्हा कुरबुर झाली आणि नव्या सेनापतीने एक गाव जाळण्याची परवानगी मागितली, तेव्हा राजाने ती दिली नाही. त्याचे कारण त्याने कोणालाही सांगितले नाही.

संघात आलेल्या एका सावकाराच्या त्यागाविषयी सभेत एका भिक्षूने शंका काढली होती; तिला उत्तर म्हणून ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा चंडकेतू म्हणजे प्रत्येकाच्या त्यागात स्वार्थ हुडकणारा, आज सभेत शंका काढणारा हा भिक्षू. वज्रबाहू म्हणजे वैभव सोडून संघात आलेला तो सावकार, ज्याच्याविषयी ही शंका निघाली. पिंगला म्हणजे दाराशी बसलेली ती वृद्ध उपासिका. अमात्य मी होतो. आणि ज्या गुणाने सेनापतीला छत्राखालून चिखलात आणले, तो गुण म्हणजे केलेल्या पापाची लाज."