खराट्याची परीक्षा

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्याने काढलेली शाळा पाहायला गेले. शाळा नवी, शिक्षक नवा, आणि उत्साह असा की शिष्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. "गुरुजी, माझ्या शाळेत उच्चनीच नाही," तो फाटकाशीच सांगू लागला. "गावातली असोत की वेशीबाहेरच्या वस्तीतली, सगळी मुले एकाच सतरंजीवर बसतात. ज्याचा जसा गुण, तसे त्याला काम."

अंगणात काडी दिसत नव्हती. आत व्यापाऱ्याचा मुलगा वल्लभ खणखणीत आवाजात पाठ वाचत होता. दाराशी मात्र वस्तीतला एक माणूस आपल्या लहान मुलीचा हात धरून उभा होता.

"ही ठकू," शिष्य हलक्या आवाजात म्हणाला. "अंगण झाडावे तर हिनेच. पण वर्ष झाले, एक ओळ वाचत नाही. बुद्धीच मंद. मीच बापाला म्हटले, घरी ने."

"तुमी म्हंता तर नेतो, मास्तर," बाप म्हणाला. "पन पोरगी कालपासनं जेवली न्हाई." आणि दोघे वस्तीच्या वाटेला लागले.

आता आचार्यांनी काय करावे? त्यांनी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि वल्लभच्या हाती दिला. "बाळ, अंगण झाड बरे."

वल्लभने ना पाणी शिंपडले, ना वारा पाहिला. धुळीचा असा लोट उठला की सगळा वर्ग खोकू लागला आणि माती उडून थेट सतरंजीवर आली.

"मंद आहे," आचार्य शांतपणे म्हणाले. "उद्यापासून याला घरी ठेवायला सांग."

शिष्य उसळला. "गुरुजी, हा कुठला न्याय? त्याने जन्मात खराटा धरलेला नाही. रोज धरू द्या, मग बघा."

"किती खरे बोललास," आचार्य म्हणाले. "हेच वाक्य आता ठकूसाठी बोल."

शिष्याची नजर खराट्यावर गेली आणि त्याला सगळे लख्ख दिसले. सकाळचा पहिला तास वाचनाचा, आणि झाडलोटही त्याच वेळी. ठकू हात धुऊन आत येई तेव्हा पुस्तके मिटलेली असत. वर्षभर हे त्याच्या डोळ्यांदेखत चालले होते.

"वल्लभला जमले नाही, तेव्हा तुला सवय आठवली," आचार्य म्हणाले. "ठकूला जमले नाही, तेव्हा बुद्धी आठवली. सतरंजी एक केलीस, फार चांगले केलेस. आता माप एक कर."

पण ऐकायला शिष्य होता कुठे? तो अनवाणी, धोतर सावरत, "थांबा, थांबा" म्हणत वस्तीच्या वाटेने धावत सुटला होता. ओढ्यापाशी त्याने बापलेकींना गाठले. भर रस्त्यात हात जोडून म्हणाला, "चूक माझी आहे. हिला परत पाठवा." बापाने मुलीचा हात त्याच्या हाती दिला.

शाळेत येताच ठकूने सवयीने खराट्याकडे हात नेला. शिष्याने तो हळूच काढून घेतला आणि तिच्या हाती पुस्तक दिले. वल्लभ सरकला, तिला मध्ये जागा झाली. पहिल्या अक्षरावर बोट ठेवून ती बराच वेळ थांबली. शिष्यही थांबला. त्याला कसलीच घाई नव्हती.

अंगण त्या दिवशी शिष्याने झाडले, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी पाळीपाळीने.

'याला जमत नाही' असा शेरा मारण्याआधी आपणही विचारून पाहावे, याच्या हाती आजवर आपण दिले काय?