भेरल्या माडाच्या वेण्या

भेरलेवाडीच्या तळीकाठी उभे आहेत ते माड नारळाचे नव्हेत. पाहुण्यांनी शहाळं मागितलं, की बाबी गुरव हसतात आणि वर बोट दाखवतात. हे भेरले माड. यांना वेण्यांसारखे लांब तुरे लोंबतात. पहिला शेंड्याशी, पुढचा त्याखाली, असे उतरत उतरत. शेवटचा बुंध्याशी आला, की झाड वाळतं. असं का, तर त्यामागे भिवरा आहे म्हणे.

भिवरा थोरली सून. आई लहानपणीच गेलेली. सासूनं, म्हणजे आत्याबाईंनी, तिच्या केसांना तेल लावलं, तेव्हा कुठे तिला सासर घर वाटलं. रोज सकाळी तळीच्या पायरीवर ती आत्याबाईंकडे पाठ करून बसे. मग धाकटी जाऊ आली, शेवंती. केस गुडघ्यापर्यंत. आत्याबाईंची फणी तिच्या केसांकडे वळली.

“तू आता थोरली गो. तुझी वेणी तू घाल,” आत्याबाई भिवराला म्हणाल्या.

भिवरानं घातली. वाकडी आली. शेवंती म्हणाली, “जाऊबाई, आणा, मी घालते.” त्या चांगुलपणाचाच भिवराला जास्त राग आला.

देवाला गाऱ्हाणं चार माणसांत घालायचं असतं. किती मागायचं ते गुरव बोलतो, बाकीचे ‘होय महाराजा’ म्हणतात. भिवरा एकटीच वाडीच्या राखणदार देवापुढे उभी राहिली. “बा देवा महाराजा, तिची एक वेणी, तर माझ्या एवढ्या होऊ देत, की आत्याबाईंना दुसरीकडे बघायला सवड मिळू नये!”

पुरे म्हणायला तिथे कुणी नव्हतं.

असं सांगतात, की ती तळीकाठी येऊन बसली आणि उंचच होत गेली. पाय रुजले, अंगाचं खोड झालं. पहिली वेणी फुटली ती थेट शेंड्याशी. आत्याबाई फणी घेऊन धावल्या. हात पोचेना.

“भिवरे, खाली ये गो!”

येता येईना. मग तिनं थोडी खाली दुसरी वेणी सोडली. तीही पोचली नाही. त्याखाली आणखी एक. वर्षं गेली. शेवंती रोज म्हातारीला धरून तळीवर आणी. एका सकाळी वेणी हाताला लागली. आत्याबाईंनी ती विंचरली, तेल लावलं, आणि भिवरा शेंड्यापासून वाळत आली. तिची फळं पडली तिथे ही झाडं उगवली.

आजही भेरलेवाडीत नवी नवरी आली, की सासू आधी थोरलीची वेणी घालते, मग थोरली नवरीची. फणी जरा ओढूनच चालवते म्हणे. नवरीनं हूं की चूं करायचं नसतं.