रांजणातलं नाव

एकदा काय झालं, घंटा ओतणाऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावात एक नियम होता. भाता ओढणाऱ्यानं आपलं नाव दारातल्या रांजणात ठेवायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. का, ते विचारायचं नाही. म्हातारी माणसं म्हणायची, "पूर्वीपासून आहे." झालं! एवढ्यावर सगळं गाव गप्प.

नाव रांजणात कसं ठेवायचं? सोपं आहे. रांजणात तोंड घालायचं आणि नाव हळूच सोडून द्यायचं. मग ते तळाशी काजव्यासारखं लुकलुकत बसतं. संध्याकाळी मुठीत घ्यायचं आणि घरी जायचं. दिवसभर तुम्ही नुसते 'ए'.

त्या गावात हौसा नावाची एक मुलगी होती. अंगानं दांडगी, जिभेनं तिखट. दौलू ओताऱ्याच्या भट्टीवर ती भाता ओढायची. भाता म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, बरं का. ती दाबली की वारा सुटतो, वाऱ्यानं निखारा फुलतो आणि तांबं वितळतं. हात थांबला की सगळंच थांबलं.

तिथेच एक म्हातारी कोळसा घालायची. तीही पूर्वी भाता ओढायची. एका संध्याकाळी ती इतकी दमली, इतकी दमली, की नाव न घेताच घरी गेली. सकाळी येऊन पाहते, तर रांजणात अंधार. तेव्हापासून ती घरीही 'ए' आणि बाजारातही 'ए'.

मग काय झालं, राजाचा हुकूम आला. तीन वेशींसाठी तीन घंटा हव्यात.

हौसानं भाता ओढला. ओढला, ओढला, खांदे भरून आले. मग पहिली घंटा झाली. टोल दिला, तर घंटा म्हणाली, "दौलू... दौलू... दौलू..."

हौसा म्हणाली, "काका, ही माझं नाव का घेत नाही?"

दौलू हसला. "वेडी की काय! बरं, आजपासून तुला 'ए' नाही म्हणणार. 'हाताखालची' म्हणू."

गावातल्या बायका म्हणाल्या, "नशीब काढलंस गं!" पण संध्याकाळी रांजणात पाहिलं, तर नाव जरा मिणमिणलं होतं.

मग दुसरी घंटा. पुन्हा तोच भाता, तीच धग. हौसाचे हात आता कुणा दुसऱ्याचेच वाटायला लागले. घंटा झाली. टोल दिला. "दौलू... दौलू..."

"आता तू 'मदतनीस' हो," दौलू म्हणाला. "केवढा भारदस्त शब्द आहे बघ!"

हौसा भात्यालाच टेकून खाली बसली. उभं राहायला अंगात जीव हवा ना? रांजणात तिला नाव कितीतरी वेळ सापडेना. सापडलं ते तिळाएवढं. घरी घास हातात धरूनच ती पेंगायला लागली. आईनं हाक मारली, "हौ..." आणि आई अडखळली. पुढचं तिला आठवेना. पोटच्या पोरीचं नाव, आणि आठवेना!

हौसाची झोप खाडकन उडाली.

मग तिसऱ्या घंटेचा दिवस उजाडला. भट्टी पेटली. गावची म्हातारी मंडळी पागोटी घालून दारात हजर. मूठ मिटून हौसा रांजणापाशी उभी राहिली.

दौलू म्हणाला, "आज तुझा मोठा मान आहे. आजपासून तू माझा 'उजवा हात'!"

"तुमचा उजवा हात तुमच्या खांद्याला आहे, काका. मी हौसा."

"अगं, नाव ठेव रांजणात. निखारा निवतोय."

"नाही ठेवणार. भट्टीपाशी ज्याचं नाव असतं, त्यालाच घंटा हाक मारते. तुमचं आत होतं, माझं बाहेर. आज मी नाव घेऊनच भात्यावर बसणार. नसेल चालत, तर भाता तुम्ही ओढा."

एक आजोबा काठी आपटत पुढे आले. "पोरी, नियम म्हणजे नियम. आम्ही कधी विचारलं का?"

"नाही ना विचारलंत? मग आता सांगा. का ठेवायचं नाव बाहेर?"

आजोबांनी शेजारच्या आजोबांकडे पाहिलं. त्यांनी त्यांच्या शेजारच्यांकडे. शेवटच्या आजोबांच्या शेजारी कुणी नव्हतं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. कोळशाच्या म्हातारीनं घमेलं खाली ठेवलं आणि ती हौसाशेजारी जाऊन उभी राहिली.

भात्याला कुणीच हात लावेना, आणि भट्टीतला निखारा निवून गेला.

मग? मग काही नाही. हौसा सुखात आहे, तिची आई तिला पूर्ण नावानं जेवायला हाक मारते. तिसरी घंटा अजून व्हायचीच आहे, आणि म्हातारी मंडळी अजून उत्तर शोधताहेत. शोधू देत. किती छान शांत झालंय बघा. मीही दमले, तुम्हीही दमलात. मिटा डोळे.