काचेनं पाहिलेली स्थळं

काच बोलायची आणि वाळू ऐकून घ्यायची, त्या काळातली ही गोष्ट. एका कारखान्यात वाळूचा फवारा मारून काचेवर मोर उमटवायचा होता. बाकीचं अंग वाळूपासून वाचावं म्हणून काचेला चिकटणारं पांघरूण हवं होतं. म्हाताऱ्या कटरनं मध्यस्थी करून दोन स्थळं आणली.

रबरी पट्टा म्हणाला, "काम होईपर्यंत घट्ट धरून राहीन. झालं, की निघेन."

काचेनं नाक मुरडलं. "आल्या आल्या जायची भाषा?"

चकचकीत स्टिकर छाती फुगवून म्हणाला, "मी एकदा चिकटलो, की जन्मात सोडत नाही!"

काच लाजून चूर झाली.

"घाई करू नकोस, पोरी," कटर म्हणाला. "असल्यांना सोडवायला मलाच बोलावतात."

पण काच कसली ऐकते! स्टिकर तिच्या अंगभर चिकटला आणि कटरनं त्यात मोर कापला. तेवढा तुकडा उचलतानाच त्याला घाम फुटला. मग वाळू सुसाट आली आणि मोर झकास उमटला.

"अहो, झालं आता," काच म्हणाली. "निघा."

"निघू? शब्द दिलाय मी!"

गरम पाणी झालं, रॉकेल झालं. शेवटी कटरनं खरवडलं, तर स्टिकरच्या चिंध्या निघाल्या, डिंक तसाच राहिला आणि मोराच्या मानेवर ओरखडा उठला.

शेजारची काच हे सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी स्थळ आलं आणि छाती फुगवून बोलायला लागलं.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "निघणार कधी, तेवढं सांगा."