तिसरी पट्टी

"...पण मग मूळ कोणाचं, हॅलमबाबा? त्यांचं की आपलं?"

हॅलमबाबांनी मान वर केली नाही. छिन्नीची टकटक चालूच राहिली.

समोर चुनखडीचा मोठा दगड होता. त्यातून सूर्याचा चेहरा अर्धाच बाहेर आला होता. कपाळ झालं होतं, डोळे झाले होते. तोंड अजून दगडातच होतं.

"ऐकताय ना?"

"कान मोकळे आहेत. हात गुंतलेत."

लायमन पेकम दगडाला टेकायला गेला, पण काळ्या कोटाला धूळ लागेल म्हणून परत सरळ उभा राहिला.

साल अठराशे बेचाळीस. मिसिसिपी नदीच्या वळणावर नौवू नावाचं गाव वसत होतं, आणि गावाच्या टेकडीवर मॉर्मन लोकांचं मंदिर उभं राहत होतं. गावोगावहून हाकलून दिलेली ही माणसं. देवाचं प्राचीन पौरोहित्य जगातून हरवलं होतं आणि ते आता आपल्या हाती परत आलं आहे, अशी त्यांची श्रद्धा.

त्याच वसंतात गावात फ्रीमेसन मंडळींचं लॉज निघालं. बंद दार, पांढरं एप्रन, खुणेचं हस्तांदोलन, कोणाला सांगायचे नाहीत असे शब्द. गावातले पुष्कळ लोक म्हणत, ही विद्या सॉलोमन राजाच्या मंदिराच्या गवंड्यांकडून चालत आली आहे. म्हणजे ती आपल्याच पौरोहित्याचा उरलेला तुकडा. हजारो हातांतून गेल्यामुळे झिजलेला, बिघडलेला.

'लोक म्हणत' एवढ्यावर लायमनचं भागत नव्हतं. नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, पण तो विचारणाऱ्यांतलाच होता. वय चोवीस, हिब्रू शिकलेला, आणि तीन संध्याकाळींत लॉजच्या तिन्ही पायऱ्या चढून मास्टर झालेला.

हॅलमबाबा लॉजमध्ये नव्हते. ते नुसतेच पाथरवट होते.

"तीन संध्याकाळी!" बाबा दगडाशीच बोलल्यासारखे बोलले. "माझ्या मिस्त्रीनं मला पहिली दोन वर्षं नुसती छिन्नीला धार लावायला बसवलं होतं. या मास्टरसाहेब, बसा. जागा असेल तिथे बसा."

लायमन बसला नाही. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

"यावर तुमची सही हवी आहे. आत्ताच."

"चष्मा घरी आहे. तूच वाच."

लायमनने घसा साफ केला. "मी, जोनास हॅलम, इंग्लंडातल्या दोन थोरल्या चर्चांवर चाळीस वर्षं काम केलेला पाथरवट, अशी साक्ष देतो की जुन्या दगडकामगारांमध्ये मूळ पवित्र विद्येची आठवण होती, आणि आज इतरत्र चालणारी लॉजं ही तिची बिघडलेली नक्कल आहे..."

"कोणाला दाखवायचं आहे हे?"

"आहे एकाला."

"कोणाला?"

"...माझ्या वडिलांना."

टकटक थांबली.

"तुझे वडील इथे कुठे?"

"खाली धक्क्याजवळच्या खाणावळीत. काल रात्रीच्या आगबोटीने आले. तीनच्या बोटीने परत निघणार आहेत."

"व्हरमाँटहून आले?"

"हो."

"किती दिवसांचा रस्ता आहे?"

"तीन आठवड्यांचा."

"आणि तू अजून वर टेकडीवर?"

खिशातून त्याने दुसरी, लहानशी चिठ्ठी काढली आणि तीही वाचली. या खेपेला त्याचा आवाज तितकासा खणखणीत नव्हता.

"'ऐकलं की तूही लॉजमध्ये गेलास. म्हणजे आता आपलं नातं दुहेरी झालं. हात मिळवायला आलो आहे. आलास तर ठीक. नाही तर तीनच्या बोटीने परत.'"

"पाच वर्षांनंतर?"

"पाच वर्षं आणि दोन महिने. मी इथल्या लोकांत गेलो तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं होतं. मग मीही पत्र टाकलं नाही."

"मग आता अडलं कुठे?"

"तत्त्वावर अडलं आहे, बाबा!" लायमन आता येरझारा घालू लागला. "त्यांचं लॉज म्हणजे मोडकं भांडं. ते त्यालाच घडा म्हणतात. मी जाऊन हात मिळवला तर त्याचा अर्थ काय होईल? तुमचं नि आमचं एकच, असा होईल. आधी त्यांनी मान्य करावं. तुमची सही असली की ते मान्य करतील. तुम्ही इंग्लंडचे, जुन्या परंपरेतले. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"माझ्या शब्दाला?" बाबा हसले. "माझ्या शब्दावर माझी म्हातारी चहासुद्धा टाकत नाही."

"थट्टा नको, बाबा."

"बरं, थट्टा नको. मला एक सांग. आपल्याच धर्मग्रंथात आहे ना, की गुप्त शपथा घेणाऱ्या टोळ्यांनी राज्यंच्या राज्यं बुडवली? गेल्या साली तू चौकात उभा राहून हेच ओरडत होतास. माझी झोपमोड झाली होती."

"त्या टोळ्या खोट्या. सैतानाने केलेली नक्कल."

"आणि आपलं लॉज?"

"खरं. मुळाकडे परत निघालेलं."

"आणि तुझ्या बापाचं?"

"...मधलं. खरं होतं, बिघडलं."

"हे तू ठरवलंस कशावरून?"

"मी एकट्याने नाही ठरवलं! आमच्या लॉजमध्ये सगळे याच मताचे आहेत. एकमेकांशी ताडून पाहिलं आहे आम्ही. आमच्यात केसभर फरक नाही."

"केसभर?"

"केसभरही."

हॅलमबाबांनी छिन्नी खाली ठेवली. गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि छपराच्या कोपऱ्यात गेले. दगड सपाट झाला की नाही ते पाहायच्या लाकडी पट्ट्या तिथे उभ्या होत्या. त्यांतल्या दोन त्यांनी आणल्या. दोन्ही हातभर लांब.

"धारेला धार लावून उजेडाकडे धर."

"बाबा, वेळ..."

"धर."

लायमनने पट्ट्या जोडून आभाळाकडे धरल्या.

"मधून उजेड दिसतो?"

"नाही."

"नीट बघ."

"केसभरही नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे दोन्ही सरळ आहेत."

"शपथेवर सांगशील?"

"सांगेन."

बाबांनी कोपऱ्यातून तिसरी पट्टी आणली.

"आता पहिली हिच्याशी लाव."

लायमनने लावली. मध्ये पट्ट्या टेकल्या होत्या, पण दोन्ही टोकांना उजेडाच्या दोन बारीक रेघा दिसत होत्या.

"आता दुसरी लाव."

या खेपेला टोकं टेकली आणि उजेड मध्ये दिसला.

लायमन बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने पुन्हा पहिल्या दोन जोडून पाहिल्या. फट नव्हतीच.

"एकीचं पोट सुटलंय," बाबा म्हणाले, "आणि एकीचं खपाटीला गेलंय. म्हणून तर त्यांचं इतकं छान जमतं."

"...मग ही तिसरी खरी."

"तीही वाकडीच आहे. आज सकाळी कापली."

"मग खरी कुठली? कुठेतरी मूळ पट्टी असेल ना? जिच्यावरून बाकीच्या बेतता ती?"

"नाही."

"तुमच्या मिस्त्रीकडे असेल."

"त्याच्याकडे तीन होत्या."

"त्याच्या मिस्त्रीकडे?"

"तीन."

"सॉलोमनच्या गवंड्यांकडे?"

बाबांनी दाढी खाजवली. "मी तिथे नव्हतो. पण दोनच असत्या तर मंदिर पडलं असतं."

"पडलंच ते!"

"सैन्याने पाडलं. आपणहून नाही पडलं."

लायमनला हसू आलं. त्याने ते दाबलं. मग एकदम गंभीर होऊन त्याने विचारलं, "म्हणजे मूळ विद्या परत आली, यावर तुमचा विश्वास नाही?"

"विश्वास नसता तर सत्तराव्या वर्षी समुद्र ओलांडून आलो असतो? बोटीत सगळा वेळ ओकत होतो मी, पोरा." त्यांनी आभाळाकडे बोट केलं. "त्याच्याकडे सरळ पट्टी आहे, यात मला शंका नाही. पण ती माझ्या छपरात नाही."

"मग सरळ काम होतं कसं?"

बाबांनी फळीवरून एक वाटी काढली. आत पाण्यात कालवलेला गेरू होता. रंधा काढून तो त्यांनी लायमनच्या हातात दिला.

"कोट काढ."

लायमनने खाली नदीकडे पाहिलं. आगबोट धक्क्याला लागलेली होती. धुराड्यातून अजून धूर निघत नव्हता. त्याने कोट काढून खुंटीला अडकवला आणि सहीचा कागद सूर्याच्या कपाळावर ठेवला.

"तिसरीच्या धारेला गेरू लाव. आता दुसरीवर घास. घास नीट, लाजू नकोस. दुसरीला लाल कुठे लागला?"

"टोकांना."

"तिथे उंच आहे. तेवढंच उतरव. जास्त नको."

रंध्याखालून पातळ साल निघाली.

"आता तिसरी पहिलीवर. मग पहिली दुसरीवर. पुन्हा पहिल्यापासून."

"किती वेळा?"

"कंटाळा येईपर्यंत. त्यानंतर आणखी थोडं."

लायमन घासू लागला. गेरू बोटांना लागला, मग तळव्यांना, मग मनगटांपर्यंत चढला. पहिल्यांदा तो हात जपत होता. नंतर विसरला.

हात कामात गुंतले तसं मन हळूच व्हरमाँटला गेलं.

तो आठ वर्षांचा होता. त्या सालात देशभर फ्रीमेसनांविरुद्ध वावटळ उठली होती. वडिलांच्या लॉजला कुलूप लागलं. शेजारी रस्त्यात थुंकत. माणसं आपापली एप्रनं चुलीत घालत होती. एकदा पिठाच्या पेटीत हात घातला तेव्हा लायमनच्या बोटांना काहीतरी मऊ लागलं होतं. पांढरं कातडी एप्रन, घडी करून पिठात पुरलेलं. वडील मागे उभे होते. रागावले नाहीत. त्यांनी फक्त पेटीचं झाकण लावलं आणि त्याच्या हातावरचं पीठ आपल्या हाताने झटकलं.

तरी दर महिन्याला वडिलांच्या गोठ्यात लॉजची सात माणसं चोरून जमत. दहा वर्षं जमली.

"बाबा..."

"हं."

"दोनच पट्ट्या असल्या, तिसरी मिळालीच नाही, तर?"

"तर भिंत कलते. आणि दोन्ही पट्ट्या शपथेवर सांगतात, सरळ आहे."

लायमनचा रंधा थांबला. थोड्या वेळाने तो पुन्हा चालू झाला.

ऊन छपराच्या अर्ध्यापर्यंत आत आलं. भुश्याचा आणि ओल्या गेरूचा वास दाटला. बाबांनी तिन्ही पट्ट्या पाण्याने पुसल्या, वाळू दिल्या आणि त्याच्यापुढे धरल्या.

पहिली आणि दुसरी. उजेड नाही.

दुसरी आणि तिसरी. नाही.

तिसरी आणि पहिली. नाही.

"आता सांग, मास्टर. यातली मूळ कुठली?"

लायमनने तिन्ही उलटसुलट करून पाहिल्या. त्याला ओळखता येईना.

खालून घंटा वाजली. आगबोटीची पहिली घंटा. धुराड्यातून काळा धूर वर चढू लागला होता.

लायमन उठला नाही. हातातल्या पट्टीकडे पाहत तो अगदी हळू बोलला, आठ वर्षांच्या मुलासारखा.

"ते हात पुढे करतील. त्यांच्या जुन्या खुणेने. ती आमच्या खुणेपेक्षा वेगळी निघाली तर?"

"तर उजेड दिसेल."

"आणि बिघडलेली त्यांची नसून... आमची असली तर?"

बाबांनी खांदे उडवले. "तरी तोच उजेड दिसेल."

लायमन उभा राहिला. एकदम घाई झाल्यासारखा. खुंटीवरचा कोट त्याने दोन बोटांनी उचलून खांद्यावर टाकला. सूर्याच्या कपाळावरचा कागद उचलायला हात पुढे केला, बोटं पाहिली आणि हात मागे घेतला. कागद तिथेच राहिला.

उतारावरून धक्का दिसत होता. खाणावळीच्या पायरीवर कोणीतरी उभं होतं. पाठीत किंचित वाकलेलं, हॅट हातात घेतलेलं. बोटीकडे नाही, टेकडीकडे पाहत होतं.

"बाबा, ते पाहा... तेच आहेत."

बाबांनी पाहिलं नाही. कागद बाजूला सरकवून ते दगडासमोर बसले होते. त्यांनी छिन्नी लावली, जिथे सूर्याचं तोंड यायचं होतं तिथे.

लायमन दाराशी ठेवलेल्या पाण्याच्या बादलीकडे धावला. वाकला. लाल झालेले दोन्ही हात पाण्यात घालणार, तोच मागून बाबांचा आवाज आला.

"हात धुऊ नकोस. तसाच मिळव, लाल कुठे लागतो ते बघ."