न मिटलेलं भांडण

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा कोण राजा होता हे सांगायलाही आज कोणी उरलेलं नाही. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. दरवर्षी बाजरी काढून झाली, की डोंगरापलीकडून मेंढपाळ कळप घेऊन खाली उतरत. मेंढ्या रिकाम्या शेतात बसत, शेताला खत मिळे, आणि बदल्यात गावकरी मेंढपाळांना धान्य देत. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललं होतं.

एका वर्षी कळप चार दिवस आधी उतरला आणि उभ्या पिकात शिरला. चिडलेल्या गावकऱ्यांनी ओढ्यात काटे टाकून मेंढ्यांचं पाणी तोडलं. मग काठ्या निघाल्या. दिवस मावळेपर्यंत गावातला एक तरुण गेला, आणि मेंढपाळांचाही एक तरुण गेला.

गावातल्या त्या तरुणाला एक धाकटी बहीण होती. ही गोष्ट तिची.

तेरावं झाल्यावर गाव पारावर जमलं. मुलीचे वडील म्हणाले, "पुढच्या वर्षी येऊ देत त्यांना. एकही परत जाणार नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात मुलगी उठून म्हणाली, "बाबा, मधे बसणारं कोणी असतं, तर दादा वाचला असता."

"मग तूच बस की मधे!" मागून कोणीतरी म्हणालं. एवढ्या दुःखातही चार माणसं हसली.

लोक थट्टा करतात आणि विसरून जातात. ही विसरली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती मध्यस्थी शिकायला घराबाहेर पडली. हातात एक वर्ष होतं. तेवढ्यात ती शिकली नाही, तर पुढच्या बाजरीनंतर किती घरांत रडारड होणार, हे तिला दिसत होतं.

आता तुम्हाला वाटेल, अशी विद्या शिकवणारे कुठे मिळायचे? अहो, पैशाला पासरी होते! प्रश्न मिळण्याचा नव्हता, निवडण्याचा होता. मडकं घेताना आपण ते वाजवून बघतो. गुरूला कुठे वाजवायचं? वाटभर विचार करून मुलीने एक प्रश्न तयार केला.

राजधानीत मध्यस्थीची मोठी पाठशाळा होती. तिच्या पायऱ्या चढतानाच माणसाला धाप लागे. तिथले मुख्य आचार्य लोडाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "आमच्याकडे भांडणाचे बहात्तर प्रकार शिकवतात. शेवटी राजमुद्रेचा ताम्रपट मिळतो."

"आचार्य," मुलीने विचारलं, "तुमच्या हातून न मिटलेलं भांडण कोणतं?"

"एकही नाही," आचार्य म्हणाले, आणि शेजारच्या शिष्यांनी लगेच माना डोलावल्या.

मुलीने नमस्कार केला आणि ती पायऱ्या उतरली. तिच्या मनात आलं, की हे एक तर कधी खऱ्या भांडणात बसलेच नसतील, नाहीतर निवाडा देऊन आल्यावर मागे वळून बघायला गेले नसतील.

पेठेत आणखी एक गुरू होता. तो चाळीस दिवसांत गोड बोलायला शिकवायचा. बोलायचाही असा, की ऐकणाऱ्याने खिसा आपणहून रिकामा करावा. त्यालाही तिने तेच विचारलं. तो हसला. "न मिटलेली आहेत ना पुष्कळ! पण त्यात माझा काय दोष? माणसंच हेकट होती."

"समजूतदार माणसांची भांडणं मिटवायला शिकून मी काय करू?" मुलगी म्हणाली. "आमच्याकडे तर सगळी हेकटच आहेत." आणि तीही वाट तिने सोडली.

असे चार महिने गेले. शेवटी एका गाडीवानाने तिला घाटाखालच्या एका म्हाताऱ्याचा पत्ता सांगितला. म्हाताऱ्याचं गवताने शाकारलेलं छप्पर होतं, खाली दोन शिष्य बसले होते. ना ताम्रपट, ना लोड. मुलीने आपला प्रश्न विचारला.

म्हाताऱ्याने काठी उचलली आणि तो चालू लागला. मुलगी मागोमाग निघाली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते दोघे एका गावात पोचले.

पण ते गाव कसलं! चाळीसेक घरं होती आणि एकाही घराला छप्पर नव्हतं. भिंतींतून उंबर उगवून आभाळाला लागले होते. उंबऱ्याआत जाती जशीच्या तशी मांडलेली होती, जणू बाया आत्ताच दळण अर्धं टाकून उठल्या होत्या. गावाच्या मधोमध विहीर होती. तिचं पाणी काठोकाठ भरलं होतं, कारण ते शेंदायला कोणी नव्हतं. मुलीला भीती वाटली नाही. तिला काय वाटलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिचे हात आपोआप जोडले गेले.

"हे माझं न मिटलेलं भांडण," म्हातारा म्हणाला. "या गावात दोन आळ्या होत्या. विहिरीवरून वाद होता. सात दिवस मी मधे बसलो. भांडण मिटत आलं होतं. सातव्या दिवशी मला भूक लागली. वरच्या आळीतल्या एका बाईने भाकरी आणि पिठलं पुढे केलं. मी खाल्लं. खालच्या आळीतल्या एका म्हातारीने ते पाहिलं. तिने घरी जाऊन एवढंच सांगितलं, की मध्यस्थ त्यांच्याकडे जेवतो. त्यानंतर कोणी माझं ऐकलं नाही. तीन वर्षांत गाव उठलं."

"एका भाकरीपायी?"

"भाकरी गोड होती, बाई. मी कोणाच्या बाजूचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते त्यांनाही दिसलं पाहिजे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. जो शिष्य येतो, त्याला मी आधी इथे आणतो. बरेच जण इथूनच परत जातात."

मुलगी परत गेली नाही.

उरलेले महिने ती म्हाताऱ्याबरोबर गावोगाव हिंडली. त्याची रीत साधी होती. भांडणाऱ्या दोघांनी आपलं दुःख सांगायचं नाही, समोरच्याचं सांगायचं. समोरचा "हो, हेच" म्हणेपर्यंत सांगत राहायचं. वीस वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोन भाऊ या रीतीने शेताच्या बांधावर बसले, आणि तिसऱ्या प्रहरी थोरल्याच्या तोंडून धाकट्याचं दुःख असं बाहेर पडलं, की धाकट्याने "हो, हेच" म्हणत त्याचे पाय धरले. देवळात जे तिला कधी वाटलं नव्हतं, ते तिला त्या बांधावर वाटलं.

बाजरी काढून झाली. मुलगी गावी परतली, तेव्हा ओढ्याच्या एका काठावर गाव काठ्या घेऊन उभं होतं आणि दुसऱ्या काठावर मेंढपाळ. ती घरी गेली नाही. मधल्या वाळूत जाऊन बसली.

तिची आई तांब्या आणि भाकरी घेऊन धावत आली. "अगं, वर्षाने दिसलीस. आधी दोन घास खा."

"आई, आज नको. आज मी आपल्या घरची नाही." मुलीने पदराच्या गाठीतले फुटाणे काढून तोंडात टाकले. आई रडत परत फिरली. मुलीलाही रडू आलं, पण ती उठली नाही.

पलीकडच्या काठावरून मेंढपाळांच्या बाया हे बघत होत्या. त्या आपसांत काही बोलल्या. थोड्या वेळाने त्यांचा म्होरक्या काठी ठेवून वाळूत येऊन बसला. गेलेला तरुण त्याचाच मुलगा होता. मग इकडून मुलीचे वडील येऊन बसले.

मुलीने दोघांना म्हाताऱ्याची रीत सांगितली, पण पहिले दोन दिवस नुसता राग निघाला. तिसऱ्या दिवशी म्होरक्या मान खाली घालून म्हणाला, "तुमचं पीक आम्ही खाल्लं, हे तुमचं दुःख नव्हेच. तुमचा पोरगा मारायला आला नव्हता. तो हात पसरून मधे उभा राहिला होता. आम्ही त्यालाच धरून मारला."

"हो," वडील कसेबसे म्हणाले. "हेच."

आता वडिलांची पाळी होती. "तुझ्या मुलाच्या हातात काठी नव्हती," ते म्हणाले. "तो ओढ्यातले काटे काढायला वाकला होता. मेंढरं तहानली होती म्हणून. त्याच्या पाठीत पहिली काठी बसली." त्यांनी म्होरक्याकडे पाहिलं. "ती माझी होती."

ज्या बाबांच्या खांद्यावर बसून मुलीने जत्रा पाहिली होती, ते हेच. तिला उठून पळून जावंसं वाटलं. पण ती मधे बसली होती. ती मधेच बसून राहिली.

म्होरक्या म्हणाला, "हो. हेच. मी तेव्हाच पाहिलं होतं. तुझ्या तोंडून येतंय का, एवढ्यासाठी वर्षभर थांबलो." आणि त्याने हात पुढे करून मुलीच्या वडिलांना वाळूतून उठवलं.

त्या संध्याकाळी गावाने स्वतःच्या हातांनी ओढ्यातले काटे काढले. मेंढ्या पोटभर पाणी प्यायल्या आणि म्होरक्याने सगळा कळप मुलीच्या वडिलांच्या शेतात बसवला. पुढे त्या काठांवर भांडणं पुष्कळ झाली, नाही असं नाही. पण काठी पुन्हा निघाली नाही.

म्हणून लहानथोरांनो, काही शिकायला जाल, तेव्हा जो आपली चूक स्वतः नेऊन दाखवतो, त्याच्यापाशीच शिकायला बसा.