भागाक्काचा दोरा

त्या डोंगरमुलखात म्हातारपणाला कोणी भीत नव्हतं. भीत होते ते पडण्याला. उतारावर पाय घसरला की तरुण प्राणी अंग झटकून उठत. म्हातारे पडले की बहुधा आडवेच राहत, आणि आडवे राहिलेले हळूहळू बोलायचेही थांबत.

केरोबा अस्वल तिथला वैद्य. त्याच्या हाताला गुण होता, मनही मोठं होतं. पण गुहेबाहेर सकाळपासून रांग लागे, म्हणून ज्याचं जे दुखे त्यावरचा पाला देऊन तो पुढच्याला हाक मारी. त्या वर्षी त्याचा जुना सोबती, म्हातारा भेकर, उतारावर पडला आणि पुन्हा उठला नाही. निरनिराळ्या दुखण्यांवर निरनिराळी मुळं त्याला केरोबानंच दिली होती. एकेक मूळ चांगलं होतं. सगळी मिळून पोटात काय करतात, हे पाहायचं राहून गेलं होतं.

पुढे पंचांनी प्रत्येक वैद्याच्या गुहेत एक आठ पायांची कोळीण बसवली. म्हाताऱ्यांच्या घराघरातून एकेक दोरा तिच्या जाळ्यात येई. कोणी कुठला पाला खाल्ला, कोण कुठे अडखळलं, सारं तिला त्या दोऱ्यातून कळे. आणि दूरच्या डोंगरांवर कोण कशानं पडलं, तेही.

केरोबाला ते रुचलं नाही. "इतकी वर्षं नाडी बघतोय, आता जाळं मला शिकवणार," तो पुटपुटला. कोळीण आपले दोरे ताणत राहिली.

एके दिवशी भागाक्का शेळी आली. "वैद्यबुवा, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही हो," ती म्हणाली. केरोबानं सवयीनं झोपेच्या मुळीला हात घातला. तोच वर एक दोरा झणकला.

"पलीकडच्या खोऱ्यातल्या वैद्यांनी यांना पायाच्या सुजेवर पाला दिलाय," कोळीण म्हणाली. "संध्याकाळी घेतला की तो रात्रभर लघवीला उठवतो. त्यावर ही मुळी घेतलेले पुष्कळ जण अंधारात पडले. शिवाय या मध्यंतरी अडखळल्यात. मुळी देऊ नये, आणि यांनी वरच्या झऱ्यावर जाणंही बंद करावं, असं मला वाटतं."

केरोबाच्या डोळ्यांपुढे भेकर आला. त्यानं मुळी खाली ठेवली, बाहेरच्या रांगेकडे एकदा पाहिलं, आणि फार दिवसांनी रोग्यासमोर नीट बैठक मारली.

"अक्का, अडखळलात ते बोलला नाहीत?"

भागाक्कानं मान खाली घातली. "बोलले असते तर तुम्ही झरा बंद केला असता. माझी बहीण पलीकडून तिथं येते. ती भेटच गेली, तर नुसते पाय जपून करू काय?"

केरोबानं वर पाहिलं. "हे तुझ्या दोऱ्यात आहे का गं?"

"नाही," कोळीण म्हणाली. "मला दोरे कळतात. अक्कांना तुम्हीच विचारायला हवं."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. केरोबाचा राग तिथेच निवला. पलीकडच्या वैद्याशी बोलून त्यानं सुजेचा पाला सकाळी घ्यायला लावला. मुळी दिली नाही. अक्काचे वाढलेले खूर घासून दिले, पायांत बळ यावं म्हणून रोज दगडाच्या आधारानं उठबस करायला शिकवली, आणि झऱ्याच्या वाटेवरचे सुटे धोंडे तिच्या जावयाकडून हलवून घेतले. झरा मात्र बंद केला नाही.

काही दिवसांनी धुक्याची सकाळ होती. केरोबा एका कासवाला तपासत असताना जाळ्यातला एक दोरा थरथरला.

"भागाक्का," कोळीण हळूच म्हणाली. "वळणावर आहेत."

केरोबाचा पंजा कासवाच्या पाठीवर तसाच राहिला. दोरा जोरात हेलकावला, तुटेल की काय इतका ताणला गेला, आणि मग सरळ झाला. दोघं त्याच्याकडे बघत राहिले. तो पुन्हा हेलकावला नाही. "सावरल्या," कोळीण म्हणाली.

"काय झालं?" कासवानं विचारलं.

"काही नाही," केरोबा म्हणाला. त्यानं दोन्ही पंजे जाळ्यापुढे जोडले.

कोळीण तोवर दुसऱ्या दोऱ्याकडे वळली होती. वर धुक्यात, झऱ्याच्या काठी, दोन म्हाताऱ्या शेळ्या अंगाला अंग लावून पाणी पीत होत्या. खाली कोणी हात जोडून उभं आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.